बारीक टोकाचे प्लग आणि नार्व्याचे भावजी

सावंतवाडीहून नार्व्याला जाणे याला आमच्याकडे कोणी प्रवास म्हणत नाही. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस जेवणाच्या पानावर तिथे पोचतो. वाटेत राज्य बदलते, पण माती तीच, भाषा जवळपास तीच, आणि माणसेही अर्धीअधिक नात्यातलीच. मीही आजवर नार्व्याला जाऊन आले की पिशव्या रिकाम्या करून स्वयंपाकाला लागत असे. या खेपेचे मात्र लिहून ठेवावेसे वाटले. वाचनालयातल्या माझ्या जुन्या सहकारी विचारत होत्या, एकटी गाडी घेऊन इतके दिवस गोव्यात काय करत होतीस? त्यांना तोंडी सांगताना नीट सांगता आले नाही.

मी गेले होते ते प्लग तपासायला. आमची गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरांची. तिला तीन स्पार्क प्लग लागतात. कुठल्या जातीचे प्लग घातले तर तेवढ्याच पेट्रोलात गाडी जास्त अंतर जाते, एवढा साधा प्रश्न होता. तो प्रश्न माझा नव्हता, आमच्या ह्यांचा होता. हे हायस्कुलात विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी ही गाडी घेतली, मलाही चालवायला शिकवली, आणि गाडीबरोबर आलेले पुस्तक मी कादंबरी वाचते तसे ते वाचत. त्यांचे मत असे होते की इरिडियमचे बारीक टोकाचे प्लग ठिणगी नेमकी पाडतात, पेट्रोल पुरते जळते, आणि गाडी लिटरमागे चांगली जास्त धावते.

या मताला जगात एकच विरोधक होता. नार्व्याच्या माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, त्यांचे यजमान. मी त्यांना भावजी म्हणते. भावजींनी आयुष्यभर खाणीवर ट्रक चालवला. त्यांचे म्हणणे, "गाडी पायान चलता, प्लगान न्हय." पाय हलका असेल तर कसलाही प्लग घाला, आणि जड असेल तर सोन्याचा घाला, काही फरक पडत नाही.

हा वाद बरीच वर्षे चालला. दरवेळी ठरे की या खेपेला टाकी काठोकाठ भरून, एकाच रस्त्याने, एकेक प्रकारचे प्लग घालून सोक्षमोक्ष लावायचा. आणि दरवेळी कुठेतरी बारसे निघे, किंवा पाऊस लागे, किंवा अस्नोड्याला मासळी बघायला दोघे उतरत आणि हिशेब तिथेच राहून जाई. मागच्या वर्षी हे गेले. गाडीच्या पुढल्या कप्प्यात प्लगांची तीन खोकी न फोडलेली होती: साधे, दोन टोकांचे, आणि इरिडियमचे. वर्षश्राद्ध झाले, आणि मला एवढेच कळून घ्यायचे होते की ह्यांचे बरोबर होते की नव्हते.

पात्रादेवी, पेडणे

बांदा सोडून पात्रादेवीची हद्द ओलांडली की आमच्याकडची माणसे सर्वांत आधी पंपाकडे वळतात. पेट्रोल गोव्यात स्वस्त, त्यामुळे सावंतवाडीतून निघताना टाकीत जेमतेम सरहद्दीपर्यंत पोचण्याइतकेच ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. मला ही रीत कधी जमली नाही. काटा खाली आला की माझा जीव वर येतो. हे मुद्दाम काटा तळाला टेकेपर्यंत थांबत आणि मी खिडकीबाहेर बघत बसे. या खेपेला मी घरूनच पुरेसे भरून निघाले, आणि त्यांच्याशी अप्रामाणिक वागल्यासारखे वाटले.

पेडण्यात चहासाठी थांबले. पेडण्याचा बाजार मला आवडतो. दुकानाच्या पाट्या मराठीत, आतली भाषा कोकणी, आणि दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवतो की कुठली बोलायची. माझ्याशी तो मालवणीत बोलला. मी उंडे मागितले. आमच्याकडे पाव म्हणजे पाव, सगळा एकाच जातीचा. इथे उंडे वेगळे, पोयी वेगळ्या, काकणे वेगळी, आणि चुकीचे नाव घेतले तर चुकीचाच पाव हातात पडतो. वन्सं सासरी आल्या तेव्हा त्यांचेही असेच झाले होते. भावजी गाडी शिकले ते पोर्तुगीज अमलातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे, तो प्लगाला 'व्हेला' म्हणे. व्हेला म्हणजे मेणबत्तीही. नव्या नवरीला भावजींनी कोणाची तरी गाडी दुरुस्त करताना आतून व्हेला आणायला सांगितले, तर ती देवळीतल्या मेणबत्त्या घेऊन आली, आणि वर काड्यापेटीही.

नार्वे

नार्वे नदीकाठचे गाव. सप्तकोटेश्वराच्या देवळाकडे उतरणारा रस्ता, दोन्ही बाजूंना माड आणि सुपारी, आणि देवळात शिरल्याबरोबर पायाखाली येणारा गारवा. मी आधी देवदर्शन केले आणि मग घरी गेले.

पडवीत भावजींची जुनी स्कूटर आणि तिच्या पेट्रोलाचा कॅन होता. वन्सं दारात होत्या. "सुमन, इलंस? हातपाय धू. ह्यो तुझो भावजी सकाळपासून रस्त्यार जावन बघता."

भावजी पुढे आले. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "वयनी, तुमका त्रास नाय ना जालो?"

इथे वाचणाऱ्याला एक सांगायला हवे. भावजी माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ मोठे. लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला सुमन म्हणत, 'तू' म्हणत, आणि रागावले की 'गो' म्हणून हाक मारत. हे गेल्याच्या दिवसापासून त्यांनी मला 'वयनी' आणि 'तुमी' सुरू केले. कोणी सांगितले नव्हते. त्यांना वाटले असेल की आता आपण जपून बोलायला हवे. वर्षभर लोक माझ्याशी असेच बोलत होते, हळू आवाजात आणि बाजूला सरून. त्यांच्याकडून मात्र ते मला सोसेना.

जेवताना मी कशासाठी आले ते सांगितले. भावजी थोडा वेळ भात कालवत राहिले.

"बरां," म्हणाले. "तुमी म्हणतात तसां करूया."

"तुमचा मत काय पण?"

"माझा कसला मत? मास्तर सांगी ता बरोबरच आसतला."

वन्सं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाल्या की बघ, हे असे चालले आहे. ह्या घरात मास्तरांचे बरोबर असे भावजींच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले, आणि मला अजिबात बरे वाटले नाही.

रस्ता ठरला. सकाळी डिचोलीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची. समोरच्या चहाच्या गाड्यापाशी इंजिन निवू द्यायचे, प्लग बदलायचे. मग मुळगाव, अस्नोडा, धारगळ, पेडणे, मांद्रे, आणि त्याच वाटेने परत नार्व्याला. दुसऱ्या सकाळी पुन्हा डिचोलीला जाऊन टाकी काठोकाठ. जितके मावेल तितके आदल्या दिवशी जळलेले. गाडी रोज मीच चालवायची. एसी लावायचा नाही.

मांद्रे

पहिल्या दिवशी साधे प्लग घातले. ते सुद्धा नवेच, कारण जुन्या झिजलेल्या प्लगांशी नव्याची तुलना करणे हा अन्याय, असे हे म्हणत. भावजींनी पान्याने एकेक जुना प्लग काढला. त्यांचा हात अजून थरथरत नाही. टोकांमधली फट पत्ती घालून तपासली आणि नवे बसवले. गाडा चालवणारा तिखट पातळभाजी आणि उंडे पुढे करत बघत होता.

"तुमची गाडी बंद पडता काय?" त्याने विचारले.

"बंद पडाक कित्याक जाय? बरी चलता," भावजी म्हणाले.

"मगे कित्याक खोलतात?"

त्यावर पूर्वीचे भावजी त्याला प्लगाचा सगळा इतिहास सांगते. आताचे म्हणाले, "वयनींक बघूक जाय," म्हणजे वयनींना बघायचे आहे, आणि पुन्हा बॉनेटखाली वाकले.

मांद्र्याला जाईपर्यंत ते गप्पच होते. मी मुद्दाम एका चढावर गिअर उशिरा बदलला. गाडी कण्हली. पूर्वी अशा वेळी ते डॅशबोर्डवर थाप मारून ओरडत. ते फक्त म्हणाले, "सावकाश. घाय ना."

मांद्रे मी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाहिले तेव्हा वाळूवर होड्या आणि जाळी होती, आणि समुद्राकडे पाठ करून बसलेली घरे. आता घरांनी तोंडे फिरवली आहेत. प्रत्येक अंगणात खोली भाड्याने मिळेल अशी पाटी, इंग्रजीत आणि कुठे कुठे रशियनमध्ये. माडांच्या सावलीत अर्धे कपडे घातलेले पाहुणे पुस्तके वाचत पडलेले होते. वाचणारी माणसे दिसली की मला ती कुठलीही असली तरी बरी वाटतात. एका घरात जेवण मिळत होते. वाढणारी बाई जवळच्याच वाड्यातली.

भावजींनी मला न विचारता सांगितले, "माका बांगडो. ह्यांका शिवराक."

शिवराक म्हणजे बिनमाशांचे. त्यांच्या मनात काय आले ते मला कळले, आणि ते मायेनेच आले होते.

"माका पण बांगडो हाड," मी त्या बाईला म्हणाले. "दोन हाड."

भावजी चपापले. "खातात तुमी?"

"मी मासे खाल्लंय लहानपणापासून, भावजी. ह्यांनी शिकवलेले नायत ते."

बाई हसली आणि खरोखर दोन आणून ठेवले. आमच्याकडे बांगड्याच्या आमटीत तिरफळ असते तसेच होते, फक्त कोकमाऐवजी आंबटपणाला वाळवलेली कैरी होती. मी दोन्ही संपवले. भावजींनी स्वतःच्या पानातली सोलकढी माझ्याकडे सरकवली.

मुळगाव

दुसऱ्या सकाळी पंपावर पेट्रोल भरणारी मुलगी आम्हाला ओळखू लागली होती. ती दोडामार्गची. नोजल आपोआप बंद झाल्यावरही आणखी थोडे, आणखी थोडे करत गळ्याशी पेट्रोल दिसेपर्यंत भरायला लावणारी बाई तिने पहिल्यांदाच बघितली असावी. किती मावले ते मी लक्षात ठेवले आणि दोन टोकांचे प्लग घालून निघालो.

परतताना मुळगावात थांबलो. खाणी बंद होऊन काही वर्षे झाली होती. पूर्वी या रस्त्यावर ट्रकांची माळ असे, आणि दोन्हीकडची झाडे, घरे, कुत्री, सगळे तांबडे. आता झाडे हिरवी होती. एका आवारात उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या चाकांवर वेली चढल्या होत्या, एकाच्या टपावर भोपळा लागला होता. शेतांमध्ये कुठे कुठे पुन्हा भात उभे होते, तर कुठे अजून खाणीचा गाळ बसलेला, त्यावर नुसते गवत.

भावजी त्या ट्रकांकडे बघत राहिले. ह्यांच्या आणि त्यांच्या भांडणात हे एक हुकमी वाक्य असे: "डिझेलच्या माणसाक प्लगातला काय कळता?" कारण डिझेलच्या इंजिनात प्लगाची ठिणगी लागतच नाही. त्यावर भावजी जे उत्तर देत ते इथे लिहिता येणार नाही. वन्सं तेव्हा खिडकीचे जनेल लावून घेत.

"ह्यो तुमचो?" मी भोपळ्याच्या ट्रककडे बोट दाखवले.

"न्हय. माझो विकलो धन्यान. मास्तराक एकदा त्यातसून घेवन गेल्लंय खाणीर. भियेल्लो तो."

"हे माझ्याकडे कधी बोलले नाहीत."

"कसो सांगतलो? उतारार माझो हात धरल्यान. मगे म्हणता, ब्रेकाची तपासणी करत होतंय."

मी हसले. ते पण हसले, आणि मग एकदम थांबून शर्टाच्या बाहीने तोंड पुसले. "बरो माणूस तो," म्हणाले. "उगाच वाद घालंय मी."

तिसऱ्या सकाळी टाकी भरली तर दोन टोकांच्या प्लगांनी साध्यांइतकेच पेट्रोल घेतले, किंबहुना कणभर जास्त. मी भावजींकडे पाहिले. ते म्हणाले, "ह्ये काय मास्तराचे न्हय. मास्तराचे बारीक टोकाचे."

डिचोलीचा पंप

तिसऱ्या दिवशी बारीक टोकाचे प्लग घातले. खोके मी फोडले. टोक खरेच शिवणाच्या सुईसारखे होते. त्या दिवशीची फेरी नेहमीसारखी झाली. गाडीत काही वेगळे जाणवले असे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. इंजिन जरा मऊ चालते आहे असे वाटले, पण मला तसे वाटून घ्यायचेच होते.

चौथ्या सकाळी टाकी भरायला नार्व्याहून निघालो. देवळाचा चढ चढताना गाडीत एक वास आला. मला एकाएकी आंबोलीचा घाट दिसला, पुढे बसलेल्या ह्यांच्या पाठीवरचा खादीचा शर्ट दिसला. लग्नानंतर आमच्याकडे स्कूटर होती. तिच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागे, आणि मागून निळा धूर निघे. त्या धुराचा वास साडीच्या पदराला धुतल्यावरही राही. आरशात पाहिले तर आमच्या गाडीमागे तसाच पातळ निळा धूर होता. अशा गोष्टी वर्षभर मला होत होत्या. कुठेही ह्यांचा वास येई, खोकला ऐकू येई. म्हणून मी काही बोलले नाही. फक्त खिडकी उघडायच्या ऐवजी लावून घेतली.

पंपावर टाकीत फारच थोडे मावले. मुलीने दोनदा दाबून पाहिले.

"बाय, काल गाडी चलवलीच नाय काय?" ती म्हणाली.

भावजी खाली उतरले होते. त्यांनी टोपी काढली आणि पंपावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बघलात? मास्तर जिंकलो. मी हरलंय. सगळ्यांच्या समोर सांगतंय, मी हरलंय."

मी गाडी समोरच्या झाडाखाली नेली. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतका फरक कुठल्याही प्लगाने पडत नाही, हे एवढ्या दिवसांत मलाही कळू लागले होते. आणि गाडी थांबल्यावरही वास होताच.

चहा आला. मी विचारले, "भावजी, तुमच्या स्कूटरीचा कॅन पडवीत असता ना? तेल मिसळून ठेवलेला?"

ते चहात उंडो बुडवत होते. तो तसाच बुडून राहिला.

"असता," म्हणाले.

"आता कितीसा उरला त्यात?"

त्यांनी कपात बोट घालून उंड्याचे तुकडे काढले, बशीत ठेवले. "थोडांच घातलंय," म्हणाले. "पहाटे. साधा पेट्रोल घरात नाय होता. माका वाटला, इतक्या तेलान काय कळता."

"कित्याक पण?"

"कित्याक म्हणजे? मास्तरान एकदा तरी जिंकूंक नको? आता तो परत येवन भांडतलो काय? माका काय जाता हरूंक?"

मला राग आला. वर्षभरात पहिल्यांदा आला, आणि इतका सरळ आला की मी स्वतःच दचकले. "तुमी त्यांका जिंकवूक कोण?" मी म्हणाले. "ते तुमच्याकडे भीक मागूक येत नव्हते, भांडूक येत होते. तुमी मुद्दाम हरलात असा त्यांका कळला असता तर ते जेवले नसते तुमच्या घरात. आणि माका खरा काय ता बघूचा होता. एवढ्यासाठी इलंय मी. आता ह्या तिसऱ्या फेरीचा काय करू?"

गाडेवाला भजी तळायची थांबला. भावजी खाली बघत होते.

"सगळे माझ्याशी असेच करतत," मी म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी बोलतंय ता खरा म्हणतत. तुमी तरी म्हणू नका."

भावजी उठले, बॉनेट उघडले आणि प्लग काढू लागले. तीनही टोकांवर ओलसर काळपट थर होता. "तेल बसलासा," ते पुटपुटले. खिशातून तारेचा ब्रश काढला आणि पहिल्या प्लगावर टेकवला.

"त्याका ब्रश लावू नका," मी म्हणाले. "टोक बारीक आसा, मोडता. नुसत्या फडक्यान पुसा."

"गप रव. चाळीस वर्सां इंजिनां खोललंय मी."

"डिझेलची."

हात थांबला. त्यांनी मान वर केली. कितीतरी महिन्यांनी ते माझ्याकडे सरळ बघत होते, आणि त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

"फडको हाड," ते म्हणाले. "आणि गाडी धर्मान चलव आज. काल त्या धारगळच्या चढार तिसऱ्या गिअरार कित्याक ओढत होतंस? मास्तरान हीच शिकवण दिल्यान तुका?"

तीच फेरी, पुन्हा

टाकी काठोकाठ भरलेलीच होती. उरलेले तेल तिच्यात पातळ होऊन गेले असणार. त्याने फरक पडत नाही यावर आमचे दोघांचे एकमत झाले. त्यानंतर दिवसभरात दुसऱ्या कशावर झाले नाही.

मुळगावपर्यंत त्यांनी माझ्या क्लचवरच्या पायाविषयी सांगितले. अस्नोड्याला म्हशींचा एक कळप रस्त्यात उभा राहिला. त्या कोणाच्या बापाला भीत नव्हत्या. मी इंजिन चालू ठेवले तर म्हणाले बंद कर, बंद केले तर म्हणाले आता परत सुरू करायला जास्त जाते. पेडण्याला एक नवरदेव वाजत गाजत चालला होता, त्याच्या मागून आम्ही बाजारभर पहिल्या गिअरमध्ये. "व्हाळाच्या पाण्यातसून सायकल जाता तशी चलवतंस," ते म्हणाले. मांद्र्याला जेवायला बसल्यावर त्या बाईने विचारले, "दोन बांगडे?" तर भावजीच म्हणाले, "तिका तीन दी. भांडूक बळ जाय."

संध्याकाळी नार्व्याला आलो तेव्हा अंगणातूनच आमचे आवाज वन्संना ऐकू गेले. त्या बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर उभ्या राहून नुसत्या ऐकत राहिल्या. मग आत गेल्या. मी हातपाय धुवायला मागीलदारी गेले तर त्या चुलीपाशी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

"काय झाला, वन्सं?"

"काय नाय गो. धूर," त्या म्हणाल्या. चूल पेटलेली नव्हती. मग म्हणाल्या, "तो कॅन मी माझ्या न्हाणयेत ठेवलासा. कडी घालून. उद्या सकाळी बिनधास्त जावा."

सकाळी पंपावर मुलीने नोजल लावले. आम्ही दोघे दोन बाजूंनी टाकीच्या गळ्याशी वाकून उभे होतो. पेट्रोल वर आले. बारीक टोकाच्या प्लगांना पहिल्या दिवशीच्या साध्या प्लगांइतकेच लागले होते. नीट बघितले तर थेंबभर कमी, पण तेवढा फरक मुलीच्या हातानेही पडतो.

म्हणजे ह्यांचे बरोबर नव्हते. जे कळून घ्यायला मी आले ते कळले. मी वाट बघितली की आता वाईट वाटेल.

"बघलंस?" भावजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लपवता न येणारा आनंद होता. "काय सांगी होतंय मी? पायान चलता."

"काल म्हशी आडव्या इल्या," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून आपोआप निघाले. "आणि ती वरात. पहिल्या दिवशी वरात नव्हती. तरीसुद्धा तेवढ्यातच झाला. म्हणजे एरवी कमीच लागला असता."

"म्हशी? म्हशींका कळता खंयचो प्लग घातलोसा तो?"

"इंजिन दोनदा बंद-चालू झाला. तुमीच सांगितलात करूक."

"तू मास्तरापरस वायट आसस."

"त्यांच्याकडे मुद्दे होते, तुमच्याकडे नुसतो आवाज."

मुलगी नोजल हातात धरून उभी होती. मागे दोन स्कूटर आणि एक टेम्पो हॉर्न वाजवत होते. टेम्पोवाल्याने डोके बाहेर काढून विचारले, अपघात झाला आहे का. ती म्हणाली, "न्हय. सोयरीं आसत."

सावंतवाडी

त्याच दुपारी निघाले. कुठले प्लग ठेवायचे यावरून पुन्हा झाले. साधे स्वस्त, आणि तेवढेच धावतात, तेव्हा शहाण्या माणसाने साधेच वापरावेत. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे अशी लहान गाडी असेल तर मीही हाच सल्ला देईन. प्लग कुठलाही चालेल, झिजलेला नको, फट बरोबर असावी, आणि पाय हलका ठेवावा. मी स्वतः बारीक टोकाचेच ठेवले. भावजी निरोप द्यायलासुद्धा नीट आले नाहीत. माडाला टेकून, हात बांधून उभे राहिले.

दिवेलागणीला घरी पोचले. कुलूप काढले. वर्षभर त्या कुलपाशी मी थोडी थांबत असे, आतल्या शांततेची सवय व्हावी म्हणून. त्या दिवशी आत फोन वाजत होता, म्हणून थांबता आले नाही. तशीच चपला घालून आत धावले.

गेल्या वर्षभरात फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला असे: कशी आहेस, जेवलीस का, एकटीला भीती नाही ना वाटत. भावजींनी यांतले काही विचारले नाही. मी पोचले की नाही, तेही नाही.

"किती दिल्यान गो?" ते ओरडले.

मी वाटेत टाकी भरलीच नव्हती. लिटरमागे गाडीने किती दिले ते मला ठाऊक नव्हते.

"तुमच्या साध्या प्लगापेक्षा बरां दिल्यान," मी म्हणाले, आणि फोन कानापासून थोडा लांब धरून खुर्चीत बसले.